बॉनेटखाली जागा हवी म्हणून एअर फिल्टरचा डबा काढताय? जिम्नी, जिप्सीवाल्यांनी आधी हे गणित बघा

गाडीची लांबी चार मीटरच्या आत, इंजिन जेमतेम दीड लिटरचं. तरीही मारुती सुझुकी जिम्नीचं बॉनेट उघडलं की दुसरी बॅटरी मावेल एवढा मोकळा कोपरा काही सापडत नाही. आणि सह्याद्रीत, कोकणात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांना नेमकी तीच हवी असते. पुढे विंच, टायरमध्ये हवा भरायला कॉम्प्रेसर, मागे छोटा फ्रीज. चिखलात रुतलेली गाडी ओढताना विंच पूर्ण ताणावर 300-400 अँपिअरपर्यंत करंट खेचू शकते. एकाच बॅटरीवर हे सगळं चालवलं, तर रात्री घाटात गाडी सुरूच न होण्याची वेळ येते.

मग नजर जाते ती एका काळ्या प्लास्टिकच्या डब्याकडे. हा एअर फिल्टरचा डबा काढायचा, पाइपाच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा आणि रिकाम्या जागी बॅटरीचा ट्रे ठोकायचा. काम एका दुपारचं. भारतात जिम्नी जून 2023 मध्ये आली, पण हा उद्योग जिप्सीवाल्यांना जुनाच आहे. फक्त जिम्नीचं इंजिन सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या हिशोबावर चालतं आणि तिथे चूक महाग पडते.

एवढा मोठा डबा कशासाठी?

इंजिन पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त खातं. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला जवळपास नऊ हजार लिटर हवा लागते. जिम्नीची टाकी 40 लिटरची. म्हणजे एका टाकीमागे साडेतीन लाख लिटरपेक्षा जास्त हवा त्या फिल्टरमधून जाते. 1,462 सीसीचं इंजिन सहा हजार आरपीएमवर असेल, तर मिनिटाला साधारण 3,700 लिटर.

डब्यातला घड्याघड्यांचा कागद म्हणूनच मोठा असतो. क्षेत्रफळ जास्त, तर हवेला अडथळा कमी आणि धूळ धरून ठेवायला जागा जास्त. छोटा फिल्टर लावला की तो लवकर चोंदतो. डब्याचं दुसरं काम गरम हवा बाहेर ठेवण्याचं. कंपनीचा पाइप हवा बॉनेटच्या पुढच्या कडेजवळून, वरच्या बाजूने ओढतो. उघडा फिल्टर मात्र इंजिनाशेजारची तापलेली हवा घेतो. आत जाणारी हवा 35 अंशांऐवजी 65 अंश असेल तर ती सुमारे 9 टक्के विरळ होते. सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही, कारण पाय आपोआप थोडा जास्त दाबला जातो. घाटात, लो गिअरमध्ये, एसी चालू असताना जाणवेल. उघड्या फिल्टरचा घुमणारा आवाज ऐकून ताकद वाढल्यासारखी वाटते, ती बहुतेक वेळा कानांचीच फसवणूक असते.

सेन्सरचं काय बिघडतं?

अनेक गाड्यांत फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये मास एअरफ्लो सेन्सर असतो. तो आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेतो आणि त्यावर इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. पण सेन्सर सगळी हवा मोजत नाही. त्याच्या तारेवरून जाणाऱ्या हवेवरून तो उरलेल्याचा हिशोब मांडतो आणि हा हिशोब मूळ पाइपाच्या व्यासाशी बांधलेला असतो. 65 मिलिमीटरच्या जागी 70 मिलिमीटरचा पाइप बसवला तर आतलं क्षेत्रफळ 16 टक्क्यांनी वाढतं. हवा तेवढीच, पण तारेवरून जाताना मंद. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आली, म्हणून तो पेट्रोलही कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सर ही चूक काही प्रमाणात सावरून घेतो. त्याच्या मर्यादेबाहेर गेलं की डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो.

सेन्सर वळणाला चिकटून बसवला तरी आकडे भरकटतात. त्याच्या आधी पाइप थोडा सरळ हवाच. तेल लावलेले कापडी फिल्टर वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावं: तेल जास्त झालं तर ते सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. काही इंजिनांत याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांना पाइपाच्या व्यासाचा त्रास कमी. आपल्या गाडीत कोणता आहे, हे हत्यार उचलण्याआधी बघायचं.

खरा शत्रू धूळ

गरम हवेने ताकद कमी होते, धुळीने इंजिनच झिजतं. धुळीतले क्वार्ट्झचे कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. फिल्टरनंतरच्या जोडात बारीकशी फट राहिली तर ते थेट सिलिंडरमध्ये जातात आणि पिस्टन रिंग घासतात. सुरुवातीला काहीच कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर ऑइल कमी होऊ लागतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि तोपर्यंत इंजिन उघडण्याची वेळ आलेली असते.

घरी जोडून बसवलेल्या पाइपांत ही फट राहण्याचा धोका सर्वाधिक. एक जोड रबराचा, एक सिलिकॉनचा, क्लॅम्प तिसऱ्याच मापाचा. क्रँककेसच्या वाफा परत इनटेकमध्ये आणणारी बारीक नळी कुठे जोडायची, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मग ती उघडी सोडली जाते किंवा तिच्या तोंडावर छोटा फिल्टर खोचला जातो. मूळ पाइपावर तिचं तोंड थ्रॉटलच्या आधी, फिल्टरच्या नंतर असतं. ते तोंड उघडं राहिलं तर फिल्टर न झालेली हवा थेट आत.

आणि पाणी

काही जण थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर खाली, बंपरच्या मागे नेतात. कोरड्या रस्त्यावर कल्पना चांगली. जुलैमध्ये ओढा ओलांडताना ती इंजिनाचा जीव घेऊ शकते. एका सिलिंडरमध्ये साधारण 365 सीसी जागा असते. कॉम्प्रेशन रेशो 10:1 धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरतात फक्त 40 सीसी. तेवढं पाणी, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाहूनही कमी, आत गेलं तरी पिस्टनला वर यायला जागा उरत नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. आधी बाहेर ओढा, स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवा. विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ अॅड-ऑन नसेल तर हा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून जातो. बदल कंपनीला कळवला नसेल तर अॅड-ऑन असूनही वाद होऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. नियमबाह्य बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. फिल्टरच्या डब्याचा उल्लेख आरसीवर नसतो, हे खरं. पण बीएस-6 मान्यता मिळते ती मूळ इनटेकसह तपासलेल्या इंजिनाला. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. इंजिनाचं काम निघालं की सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा बदललेल्या पाइपाकडेच बोट दाखवणार.

मग जागा कशी काढायची?

सगळ्यात कमी जोखमीचा मार्ग म्हणजे डब्याला हातच न लावणं. छोटी लिथियम बॅटरी मागच्या सीटच्या मागे ठेवून डीसी-डीसी चार्जरवर चालवता येते. इंजिनाच्या उष्णतेत ती तशीही ठेवू नये. फ्रीज आणि कॉम्प्रेसर त्यावर, विंच मुख्य बॅटरीवर आणि वापरताना इंजिन चालू. बहुतेकांची गरज इथेच भागते.

तरी बॉनेटखालचीच जागा हवी असेल, तर आधी रेझोनेटर बघावा. अनेक छोट्या गाड्यांत इनटेकच्या पाइपाला एक पोकळ प्लास्टिकचा फुगा जोडलेला असतो. तो फक्त आवाज कमी करतो. फिल्टरच्या आधीच्या बाजूला असेल, तर तो काढून तोंड पक्कं बंद केलं की जागा मिळते, धुळीचा धोका वाढत नाही. केबिनमध्ये आवाज थोडा वाढेल.

डबाच हलवायचा असेल, तर उघडा फिल्टर नको, बंद डबाच हवा. त्यातल्या फिल्टरचं क्षेत्रफळ मूळ फिल्टरएवढं, सेन्सरजवळचा पाइप मूळ व्यासाचा आणि हवा घेण्याचं तोंड मूळ उंचीच्या खाली नाही. काम झाल्यावर पाचशे किलोमीटर कच्च्या रस्त्यावर चालवा, मग फिल्टरनंतरचा पाइप उघडून आतून पांढरं कापड फिरवा. कापडावर तांबूस किंवा करडी धूळ दिसली, तर जुना डबा परत बसवा. तोपर्यंत तो भंगारात देऊ नका.