मागून ढकलणारी गाडी

अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, काँटेसा या आपल्या आधीच्या पिढीच्या गाड्या मागच्या चाकांच्या जोरावर चालायच्या आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. इंजिन आडवं, जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे गाडीच्या पोटातून मागे जाणारा लांब शाफ्टच नको. छोट्या गाडीत चार माणसं ऐसपैस बसू लागली आणि घरगुती गाडीतून मागचा जोर हळूहळू हद्दपार झाला. आज जुन्या बाजारात तशी गाडी शोधायला निघालं तर एका बाजूला इको, बोलेरो, सुमो, इनोव्हा अशा माणसं आणि माल वाहणाऱ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला महागड्या जर्मन, आणि मधे जवळपास रिकामं. परदेशात या शोधाचं सरधोपट उत्तर माझदा एमएक्स-५ असतं. ती आपल्याकडे कधी रीतसर विकायलाच आली नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाला अशीच गाडी हवी होती. स्वस्त हवी, रस्त्यात रडवायला नको आणि वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात चालवायला मजा यायला हवी. मला गाड्यांचं खूळ आहे हे त्याला माहीत, म्हणून "काका, बघायला येता का?" असं विचारून तो मला घेऊन गेला. सोबत माझे नेहमीचे मिस्त्री. त्यांच्या मते मजा हा प्रकार घेणाऱ्याने ठरवावा, भरवसा मात्र गाडीखाली झोपूनच कळतो.

मजा कुठून येते, ते घाटात एकदा चालवलं की समजतं. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम असतं, ओढायचं नसतं. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला तरी स्टिअरिंग हातात स्वच्छ राहतं. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, म्हणजे जी चाकं काम करताहेत त्यांचीच पकड वाढते. यासाठी शंभरच्या वेगाची गरज नाही. चाळीसलाही पुरेसं कळतं.

पोराचा जीव अर्थातच बीएमडब्ल्यू ३२०डीत अडकलेला. नव्या स्विफ्टच्या पैशांत दहा-बारा वर्षं वापरलेली मिळते. दमदार डिझेल इंजिन, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. चालवली की माणूस खुळावतो, यात वाद नाही. पण त्या काळच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन झिजते, हे जगभर माहीत आहे. ही चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे असते. ती बदलायची तर बहुधा इंजिनच उतरवावं लागतं. तिची खरखर ऐकू येते ती थंड इंजिन सुरू करताना, पहिल्या काही सेकंदांत. म्हणून आम्ही विकणाऱ्याला आधीच बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. मिस्त्रींनी पोचल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. "सकाळी जरा पुढे-मागे केली," विकणारा म्हणाला. "मग उद्या थंड असताना येतो," मिस्त्री म्हणाले आणि वळलेच. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने फोन उचलला नाही.

शिवाय दिल्लीची गाडी स्वस्त पडते म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आधी हिशेब करावा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार, म्हणून त्या इकडे येतात. एनओसी, इथली नोंदणी आणि पुन्हा भरावा लागणारा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी आटते.

मागच्या चाकांची गाडी तपासायची खरी जागा म्हणजे तिचं पोट. मिस्त्री गाडी रॅम्पवर घेतात, चाकांना ओट लावतात, न्यूट्रल करतात आणि प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट पिळतात. थोडा हलणारच. डिफरन्शिअलमधल्या क्राऊन आणि पिनियनच्या दातांत तेवढी फट असावीच लागते. पण शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या एका बाजूचा तुकडा हलला आणि दुसऱ्या बाजूचा जागीच राहिला, तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर हात लावायचीही गरज नाही, आतल्या सुया ग्रीसविना कोरड्या पडून गंजल्यात. मग डिफरन्शिअलच्या तोंडाशी पिनियनचं ऑइल सील बघायचं. तिथे धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल तर तेल गळतंय, आणि किती दिवस तेलाविना फिरलीय ते विकणारा सांगणार नाही.

त्यानंतर रस्त्यावर. या वेळी मी मागे बसतो, कारण आवाज मागे असतो. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना 'टक' झालं तर पुन्हा शाफ्टकडे बोट. पन्नासच्या आसपास पाय दिला की रडते आणि सोडला की गप्प होते, अशी गाडी असेल तर क्राऊन-पिनियनवर संशय घ्यायचा. पायाशी संबंध नसलेली घरघर गाडी डावी-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त होत असेल, तर ते चाकाचं बेअरिंग. क्रॉस आणि बेअरिंग नाना पेठेत मिळतात आणि खिसा फारसा जळत नाही. क्राऊन-पिनियन मात्र नवा आणूनही भागत नाही. दातांमधली फट शिम घालून नेमकी बसवणारा हात लागतो. तो चुकला की नवा सेटही जन्मभर रडतो. असले हात आता कमी होत चाललेत.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, हीही मिस्त्रींचीच सवय. २०१९ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ला चिपळुणात पाणी चढलं. बुडालेली गाडी धुऊन लखलखीत करता येते, पण बेल्टच्या गुंडाळीतला गाळ सहसा कुणी काढत नाही.

जिप्सी आम्ही बघितली आणि सोडली. लष्कराची लाडकी, हलकी, फोर-व्हील न लावता मागच्या चाकांवर पळणारी, पण २०१९ला विक्री थांबल्यापासून हौशी लोकांनी तिचा भाव असा चढवलाय की 'स्वस्त' शब्द काढायची सोय नाही. इनोव्हा भरवशाची खरी, पण ते विकणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. नॅनोवर माझा जीव आहे. इंजिन मागे, ६२४ सीसी, चार मीटरच्या त्रिज्येत वळणारी. पेठेतल्या गल्लीत तिच्याइतकी मजा क्वचित कुठली गाडी देते. पण हायवेवर आडवा वारा सुटला की पुढचं टोक हलकं पडल्यासारखं वाटतं. घरातली एकुलती गाडी म्हणून तिची शिफारस करायला माझं मन धजावलं नाही.

राहिली इको. पोराचं तोंड वाकडं झालं. २०१० साली आलेली, बाराशे सीसी, ७३ अश्वशक्ती, इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून उन्हाळ्यात बूड तापतं. २०१६च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला शून्य तारे मिळाले होते, हेही त्याला सांगितलं. त्यामुळे अट एकच घातली, जुलै २०१९नंतरचीच घ्यायची. त्या तारखेपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस त्याच्या काही महिने आधी. पाच सीटची, नुसत्या पेट्रोलची, पांढऱ्या पाटीची. सीएनजी टाकी मागे वजन टाकते आणि अशी गाडी बहुधा धंद्यात दमलेली असते.

तशी एक मिळाली, पहिल्याच मालकाची. आरसीवर कर्जाचा बोजा नाही, थकलेली चलनं नाहीत. मागचे टायर बदलायला झाले होते. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, त्यावरून भाव पाडून घेतला. पसरणीत मी त्याच्या शेजारी बसलो. समोर बॉनेट जवळपास नाहीच, स्टिअरिंग पॉवरचं नाही, रस्त्याचा प्रत्येक खडा हातात कळतो. तिसऱ्या वळणानंतर पोरगा बोलायचा थांबला आणि हसू लागला. पावसात रिकाम्या गाडीचं मागचं अंग हलकं असतं, वळणात पाय झटकन उचलायचा नाही, एवढं मी दोनदा सांगितलं.

ती रात्री सोसायटीत आणली तेव्हा वॉचमनने फाटकातच थांबवलं, डिलिव्हरीच्या गाड्यांची वही पुढे केली आणि विचारलं, "कुठल्या फ्लॅटचं सामान आहे?"