वाढता उन्हाळा व वसमतची हळद

उन्हाळा हा हिंगोली जिल्ह्यास नवखा पाहुणा नव्हे. किंबहुना ज्या वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती उन्हाच्याच हातून तयार होते. माघ-फाल्गुनांत कंद खणून काढतात, ते शिजवितात (पूर्वीं काहिलींत, आतां बहुधा वाफेच्या कुकरांत), आणि दहा-पंधरा दिवस कडक उन्हांत पसरून ठेवितात. ऊन कमी पडलें तर कंद आंतून ओला राहतो व त्यास बुरशी धरते. मग वाढत्या उन्हाळ्याची धास्ती कां वाटावी, असें कोणी विचारील.

याचें उत्तर तें ऊन ज्याच्या पाठीवर पडतें त्या मजुरास विचारावें. हळद शिजवितांना वरून सूर्य व शेजारीं भट्टी. मनुष्यदेहाची उष्णता सुमारें ३७ अंश सेल्सिअस असावी लागते. हवा त्याहून तापली, म्हणजे देहास थंड राहण्याचा मुख्य मार्ग एकच उरतो, तो घामाचा. परंतु घाम नुसता येऊन भागत नाहीं. तो वाळला पाहिजे, कारण त्याची वाफ होतांना ती अंगांतील उष्णता घेऊन जाते. माठांतील पाणी थंड होतें तें याच न्यायानें. हवा दमट असली तर घाम गळतो, पण वाळत नाहीं. म्हणून कोरड्या वैशाखापेक्षां ज्येष्ठांतील ढगाळ उकाडा कित्येकदां अधिक घातक ठरतो.

दिवसाचा हा ताण रात्रीं उतरावयाचा. जाड मातीच्या भिंतींचीं माळवदें दुपारीं गार राहत. पत्र्याखालीं दुपारीं बसवत नाहीं, आणि सिमेंटचें छत रात्रींही ऊब सोडीत राहतें. १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें. आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु १९५१ पासून उष्ण दिवसांबरोबर उष्ण रात्रींचीही संख्या वाढली आहे, आणि मला तर हीच गोष्ट अधिक चिंतेची वाटते.

शेतावरही तेंच. पुढील लागवडीचें हळदीचें बेणें सावलींत झांकून ठेवावें लागतें; अति उष्म्यानें तें सुकतें व नीट उगवत नाहीं. शिवाय तापलेली हवा प्रत्येक अंशामागें सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते, आणि तें बाष्प वळवाच्या सरीनें एकदम कोसळलें, म्हणजे वाळत घातलेली हळद घटकाभरांत भिजते.

मुक्या प्राण्यांचे उपाय तर फारच थोडे. म्हशीची कातडी काळी व घामाच्या ग्रंथी थोड्या, म्हणून ती डबकें शोधते. पांखरांस घाम नाहींच, तीं चोंच उघडून धापा टाकतात. सागवान पानें गाळून पाणी राखतो. डबकीं लवकर आटलीं तर म्हशीनें जावें कोठें?

मे २०१० मधील भयंकर उष्म्यानंतर अहमदाबाद शहरानें २०१३ सालीं उष्णतेविषयीं आगाऊ इशारे देण्याची योजना आंखली. दुपारीं बाहेरचें काम थांबवावें, असें अशा इशाऱ्यांत सांगतात. सल्ला योग्यच आहे. परंतु रोजंदारीच्या माणसास दुपारचा विसावा म्हणजे बुडालेली मजुरी. हळदीचें काम पहांटे आरंभून दहाच्या सुमारास थांबविलें व सायंकाळीं पुन्हां धरलें, तर माल बिघडत नाहीं. मधल्या वेळेची मजुरी कोणीं सोसावयाची, एवढेंच मालकांनीं व मजुरांनीं आधीं बसून ठरविलें पाहिजे.