फॉन्ट निवडण्याआधी युनिकोड बघा

विहारांच्या स्मरणिका, जयंतीची पत्रके, धम्म परिषदांचे ठराव, वंदनेच्या पुस्तिका. आपल्या चळवळीने संगणकावर भरपूर मजकूर टाइप केला आहे, पण आज शोधायला गेलो तर त्यातला बराचसा सापडत नाही. कारण तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अडकला आहे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच राहतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात आणि ‘धम्म’ शब्द शोधून मिळत नाही. अंध वाचकांना मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही तिथे हात टेकते.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. म्हणून आधी युनिकोड, मग फॉन्ट.

फॉन्ट कोणता, हे आपण काय लिहिणार यावर ठरते.

मराठी आणि पाली : नोटो सान्स देवनागरी मोफत आहे. कोणताही फॉन्ट घेण्याआधी ‘पञ्ञा’, ‘तण्हा’, ‘दळ्ह’ टाइप करून बघा. जोडाक्षर तुटत असेल तर तो फॉन्ट पालीसाठी नको.

वैदिक उतारे : बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ (१९४६) या ग्रंथात पुरुषसूक्ताची चिकित्सा केली. असा अभ्यास करताना मूळ उतारा स्वरचिन्हांसह द्यावा लागतो. अक्षराखालची आडवी आणि डोक्यावरची उभी रेघ देवनागरीच्या मूळ संचातच आहे. आणखी वैदिक चिन्हे युनिकोडमध्ये २००९ साली आली, पण ती सगळ्याच फॉन्टमध्ये नसतात. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा मोफत फॉन्ट वैदिक स्वरांसाठी उपयोगी आहे.

ब्राह्मी : सोपाऱ्याचा अशोकाचा लेख याच लिपीत आहे. ब्राह्मी २०१० पासून युनिकोडमध्ये आहे आणि नोटो सान्स ब्राह्मी हा फॉन्ट मोफत मिळतो. समोरच्याकडे फॉन्ट नसेल तर नुसते चौकोन दिसतील, म्हणून बॅनरचा मजकूर पीडीएफ करूनच छापखान्यात पाठवा.

जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. मात्र ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात, तेव्हा मुद्रितशोधन हवेच.

आपापल्या विहारातली एक जुनी स्मरणिका निवडा आणि या महिन्यात ती युनिकोडमध्ये आणा. ज्या संगणकात ती आहे, तो भंगारात जाण्याआधी हे काम आपल्यालाच करायचे आहे.

जय भीम!