भूत कोणाला म्हणावे?

भुते आहेत की नाहीत, हा वाद आपल्याकडे अनेक पिढ्या चालू आहे आणि तो एवढ्यात मिटेल असे दिसत नाही. ज्याने भूत पाहिले तो शपथेवर सांगतो; ज्याने पाहिले नाही तो हसतो. या वादाच्या गलबल्यात एक साधा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. भूत म्हणजे कोण, हे ठरविले कोणी? मेलेली सर्वच माणसे भुते होत नाहीत. मग कोणाची गणना पितरांत करावयाची आणि कोणाला पिंपळावर बसवावयाचे, याचा निवाडा कोणत्या न्यायाने होतो? निरनिराळ्या समाजांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे तपासली, तर भुतांविषयी फारसे काही कळत नाही. त्या समाजांविषयी मात्र पुष्कळ कळते.

या विषयाची मोठी सामग्री आपल्याच प्रांतात जमली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी वध केला, हा इतिहास मराठी वाचकास ठाऊक आहे. याच जॅक्सनने लोकसमजुतींविषयी प्रश्नावल्या तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागविली होती, हे तितकेसे ठाऊक नाही. ती टिपणे पुढे एन्थोव्हेन या सनदी अधिकाऱ्याने संकलित केली आणि त्यांतून कोकणच्या लोकसमजुतींवरील ग्रंथ १९१५ साली बाहेर पडला. त्यातील भुतांची यादी वाचताना असे वाटते की, एखाद्या खानेसुमारीचा तक्ताच आपण पाहत आहोत.

मरणोत्तर जातिव्यवस्था

मुंज झाली परंतु सोडमुंज होण्यापूर्वी वारला, तो ब्राह्मण मुलगा मुंजा झाला. धनाचा लोभ न सुटलेला किंवा निपुत्रिक वारलेला ब्राह्मण समंध झाला. विद्येचा ताठा मिरविणारा ब्रह्मग्रह झाला. अविवाहित क्षत्रिय मेला तर वीर, लग्नानंतर मेलेला शूद्र देवचार आणि पाण्यात बुडालेला गिऱ्हा. मुसलमानाचे किंवा सिद्द्याचे भूत तो खवीस. हा शब्दच मुळी अरबी असून त्याचा अर्थ अमंगळ, दुष्ट असा आहे. गावागणिक तपशील बदलतो, परंतु चौकट बदलत नाही. माणूस मेला तरी त्याची जात मरत नाही, हे सांगण्यासाठी याहून अधिक बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. जिवंतपणी ज्याची पंगत वेगळी, मेल्यावर त्याचे झाडही वेगळे!

स्त्रियांच्या वाट्याला आलेले वर्गीकरण तर याहून मार्मिक आहे. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेली तर हडळ. पुरुषाचे भूत जातीवरून ओळखावयाचे आणि स्त्रीचे भूत नवऱ्यावरून व विटाळावरून! यांतील जखीण हा शब्द यक्षिणीपासून आला. ज्या यक्षिणींची शिल्पे आपण स्तूपांच्या तोरणांवर कौतुकाने पाहतो, त्यांचेच नाव गावात येता येता भयाचे झाले.

बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भय केवळ आपलेच नाही. उत्तर हिंदुस्थानात तिला चुडैल म्हणतात. मलय देशात ती पोंतियानाक होते. प्राचीन मेक्सिकोतील आझ्टेक लोकांनी मात्र तिचा निराळा विचार केला. प्रसूती ही त्यांच्या लेखी लढाई होती आणि त्या लढाईत पडलेली स्त्री ही रणांगणावर पडलेल्या योद्ध्याच्या बरोबरीची. मध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्याची सोबत करण्याचा मान अशा स्त्रियांना होता. अर्थात काही ठराविक दिवशी त्या तिठ्याचौकांत उतरतात व लहान मुलांना बाधा करतात, असेही तेथे मानीत. म्हणजे भय तेथेही होतेच. पण त्या भयात आदर मिसळलेला होता. मृत्यू एकच, शोकही एकच. परंतु एका समाजाने तिला सूर्याच्या रथामागे चालविले आणि दुसऱ्याने उलट्या पावलांची करून चिंचेखाली उभी केली. बाळंतिणी एकामागून एक दगावत होत्या त्या काळी आपल्या समाजाला त्यांच्याविषयी जो अपराधीपणा वाटत असावा, तोच हडळीच्या रूपाने घराबाहेर उभा राहिला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

कालचा देव, आजचा राक्षस

व्याख्या कशा बदलतात आणि त्या बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हे शब्दांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. इंग्रजांच्या ‘डेमन’चा मूळ ग्रीक शब्द ‘दायमोन’. त्यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. देव आणि मानव यांच्यामधील कोणतीही अदृश्य शक्ती, भलीबुरी, ती दायमोन. साॅक्रेटिसाला अनुचित गोष्टीपासून परावृत्त करणारा जो आतला आवाज ऐकू येत असे, त्याचे नाव याच कुळातले होते. इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याच्यावर जो खटला झाला, त्यात नवी दैवते आणल्याचाही आरोप होता. पुढे ख्रिस्ती धर्म प्रबळ झाला, जुन्या देवतांची देवळे ओस पडली आणि दायमोन हा सैतानाचा हस्तक ठरला.

आपल्या घरातही हेच घडले आहे. ऋग्वेदात ‘असुर’ हे वरुणाचे, अग्नीचे, इंद्राचे गौरवपर विशेषण आहे. पुढे तोच शब्द देवांच्या शत्रूंना लागला. शेजारच्या इराणात नेमके उलटे झाले. तेथे अहुर हाच परमेश्वर ठरला आणि ‘दएव’ म्हणजे आपले देव, हे दुष्ट शक्ती ठरले. मुंबईच्या अग्यारीत ज्या अहुर मज्दाची उपासना होते, त्याचे नाव आणि आपल्या पुराणांतील असुरांचे नाव एकाच मुळातून निघाले आहे. दोन भाऊबंद वेगळे झाले की, एकाचा कुलदेव दुसऱ्याच्या घरी भूत होतो!

मात्र प्रत्येक परंपरेने अशी सरळ फाळणी केलेली नाही. इस्लाममधील जिन्न हे धूरविरहित अग्नीपासून निर्माण झालेले, डोळ्यांना न दिसणारे, परंतु माणसांप्रमाणेच बरेवाईट निवडण्याची मोकळीक असलेले प्राणी आहेत. त्यांच्यात श्रद्धावान आहेत आणि पाखंडीही आहेत. आपल्या दक्षिण कोकणात व गोव्यातही भय आणि भक्ती यांच्यामधील रेषा अशीच पुसट आहे. वर ज्याचा उल्लेख भूत म्हणून आला, तो देवचार गोव्यात गावाचा राखणदार म्हणून ओळखला जातो. रात्री हातात काठी घेऊन तो शिवेवर फिरतो, अशी श्रद्धा आहे, आणि त्याला रोट वाहिला जातो. संस्कृत कथांत प्रेतात शिरून राजाला कोडी घालणारा वेताळ वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीस वेतोबा होऊन बसला आहे. रात्रीच्या फेरीत त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या चामडी वहाणा अर्पण करतात. ज्याची भीती वाटते त्याच्याशी करार करून त्यालाच पहाऱ्यावर नेमण्याचे हे शहाणपण लहानसहान नव्हे.

भीतीच्या पोटी कधी व्यवहारातले खरे संकटही दडलेले असते. जर्मनीतील खाणकामगारांना चांदीसारखे दिसणारे एक खनिज सापडे. ते भट्टीत घातले की चांदी तर मिळत नसेच, उलट त्यातील सोमलाच्या विषारी वाफांनी माणसे आजारी पडत. ही ‘कोबोल्ड’ नामक खाणीतल्या खोडकर पिशाचाची करणी, असे ते म्हणत. १७३५ च्या सुमारास गेओर्ग ब्रांट या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्या खनिजातून एक नवी धातू वेगळी काढली; तिच्या ‘कोबाल्ट’ या नावात ते पिशाच अद्याप जिवंत आहे. बोलिव्हियातील पोतोसीच्या खाणीतही प्रत्येक बोगद्यात शिंगे असलेल्या ‘एल तिओ’ची मातीची मूर्ती असते. स्पॅनिश पाद्र्यांनी ज्याला सैतान म्हटले, त्यालाच मजूर ‘काका’ म्हणतात, त्याच्या तोंडात सिगारेट ठेवतात, पुढ्यात कोकाची पाने व दारू ठेवतात. वर चर्चमध्ये देवाची सत्ता आहे. खाली जेथे जिवावर बेतते, तेथे या काकाची. कायदा आणि मालक या दोघांनीही वाऱ्यावर सोडलेल्या माणसाने तिसरा आश्रय शोधावा, यात नवल ते काय?

गोष्ट आणि गुन्हा

मग या सर्व श्रद्धांचे आपण करावयाचे काय? जपानात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला आणि दोन विद्वानांनी त्याची दोन उत्तरे दिली. इनोउए एन्र्यो या तत्त्वज्ञाने भुताखेतांच्या कथांची शास्त्रीय छाननी करण्यासाठी एक नवे शास्त्रच उभारले. भ्रम दूर करणे हा त्याचा हेतू होता. यानागिता कुनिओ या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने १९१० साली तोनो या भागातील दंतकथांचा संग्रह प्रसिद्ध केला. सामान्य जनांचे मन त्याला त्या कथांत दिसत होते. वरवर पाहता हे दोन मार्ग परस्परविरोधी आहेत. प्रत्यक्षात समाजाला दोन्हींची गरज असते. गोष्ट जपावी आणि भ्रम घालवावा, यात विसंगती मुळीच नाही.

विसंगती उत्पन्न होते ती निराळ्या ठिकाणी. जोवर हडळ चिंचेवर आहे तोवर ती गोष्ट असते. ती गल्लीतल्या जिवंत बाईच्या अंगावर आणून बसविली की तो गुन्हा होतो. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपने चेटकिणी म्हणून ज्यांना मृत्युदंड दिला, त्यांची संख्या इतिहासकार ४० ते ६० हजार मानतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तो इतिहास युरोपात संपला. आपल्याकडे तो संपलेला नाही. सातपुड्यात ‘डाकीण’ आणि झारखंडात ‘डायन’ ठरविली जाणारी स्त्री बहुधा एकटी असते, विधवा असते आणि पुष्कळदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. भूत तिच्यात शिरले आहे की भाऊबंदांचा डोळा तिच्या जमिनीत शिरला आहे, याचा शोध घेण्यास पंचाक्षरी लागत नाही. तलाठ्याचे दप्तर पुरते.

बिहारने १९९९ साली व छत्तीसगडने २००५ साली या प्रथेविरुद्ध कायदे केले. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या मिषाने माणसाला दोरीने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, तसेच कोणी करणी करतो असे जाहीर करून त्याचे जिणे मुश्कील करणे, हे सर्व त्याने दंडनीय ठरविले. या कायद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. भुते आहेत की नाहीत, याचा निकाल देण्याच्या भानगडीत तो पडत नाही. भुताच्या नावाखाली माणसाला काय करता येणार नाही, एवढेच तो सांगतो. झारखंडातील छुटनी देवी यांना एकेकाळी डायन ठरवून गावाने हाकलले होते. पुढे त्यांनी अशाच इतर स्त्रियांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. व्याख्या करण्याचा अधिकार गावगुंडांच्या हातून काढून घेता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून मुंज्याची गोष्ट नातवंडांना अवश्य सांगावी. वेतोबाला वहाणा वाहणाऱ्यांची थट्टा करण्याचेही कारण नाही. मात्र उद्या कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून ‘हिच्यात काही तरी आहे’ असे म्हणू लागला, तर त्या बाईकडे पाहण्याआधी त्या बोटाकडे पाहावे. दैत्य कोणाला म्हणावे याच्या व्याख्या जगात हजार आहेत. त्या करणारा प्राणी मात्र सर्वत्र एकच आहे.