अंगणांतील दूर्वा आणि निर्बीज हिरवळ

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आमच्या घरांत एक लहानसा वाद उत्पन्न झाला. अंगणाच्या एका कोपऱ्यांत हरळी आपोआप माजते. भाद्रपदांत गणपतीच्या जुड्या तेथूनच येतात. ती खणून काढावी व तेथें रोपवाटिकेंतील आयती हिरवळ अंथरावी, असें धाकट्या चिरंजीवांनीं सुचविलें. घरांतील स्त्रिया राजी होईनात. निवाडा आमच्याकडे आला. तो देण्यापूर्वीं त्या हिरवळीचें कुलवृत्त पाहावें म्हणून आम्हीं चौकशी केली. आणि पाहतों तों काय, दोन्ही पक्ष एकाच कुळांतील गवतासाठीं भांडत होते!

अमरकोशांत दूर्वेस शतपर्विका, रुहा, अनंता अशीं नांवें दिलीं आहेत. पेऱ्यापेऱ्यास मूळ धरून पसरत जाण्याचा तिचा स्वभाव या नांवांत उत्तम उतरला आहे. हिलाच वनस्पतिशास्त्रज्ञ सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात, आणि इंग्रजी बोलणारे लोक बर्म्यूडा गवत म्हणून ओळखतात.

अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत टिफ्टन नांवाचें गांव आहे. तेथें ग्लेन बर्टन (१९१०–२००५) हे शास्त्रज्ञ १९३६ सालीं रुजू झाले. प्रथम त्यांनीं गुरांच्या वैरणीसाठीं या गवताचा संकर करून १९४३ सालीं ‘कोस्टल’ हा वाण दिला. पुढें हिरवळीकडे लक्ष वळविलें. हिरवळीस हवें तें गवत निराळें असतें. त्याचीं पेरें आखूड, पानें बारीक आणि वीण दाट असावी. वारंवार कातरलें तरी तें खचूं नये व रोगास सहज बळी पडूं नये. म्हणून बर्टन यांनीं दूर्वेचा संकर दक्षिण आफ्रिकेंतील एका ठेंगण्या, बारीक पानाच्या भावंडाशीं केला. १९५६ सालीं ‘टिफग्रीन’ व १९६० सालीं ‘टिफवे’ हे वाण बाहेर पडले. १९६५ सालचा ‘टिफड्वार्फ’ तर टिफग्रीनच्याच हिरवळींत आपोआप उपजलेला खुजा फांटा होय.

आतां यांतील गणित पाहा. या संकरांतील दूर्वेच्या पेशींत ३६ गुणसूत्रें, आफ्रिकेंतील भावंडाच्या १८. अपत्यास प्रत्येकाचा निम्मा वांटा मिळून २७ झालीं. विषम संख्येच्या जोड्या लागत नाहींत, म्हणून या गवतास बीं धरत नाहीं. कांडें तोडून लावावीं, तेवढाच वंशविस्तार. अर्थात् देशोदेशींचीं टिफवेचीं क्रीडांगणें म्हणजे वस्तुतः एकाच रोपाचा पसारा आहे. त्यामुळें तीं सारखीं व देखणीं दिसतात हें खरें. परंतु ज्या रोगापुढें एक कांडें हात टेकील, त्यापुढें सर्वच टेकतील.

ही भीति काल्पनिक आहे काय? बाजरीचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. याच बर्टन यांनीं बाजरीची ‘टिफ्ट २३ अ’ ही मादी वाणी सिद्ध केली. तिच्यापासून पंजाबांत तयार झालेला पहिला संकरित वाण, ‘एचबी १’, १९६५ सालीं भारतांत प्रसृत झाला आणि बाजरीचें पीक वाढलें. पण पुढील कित्येक संकरितांची आई हीच एक होती. १९७० नंतरच्या दशकांत गोसावी रोगाची साथ आली, कणसांत दाण्यांच्या जागीं हिरवी पानें फुटलीं व शेतेंच्या शेतें वायां गेलीं. मग प्रतिकारशक्ति ठिकठिकाणच्या गांवठी बाजरींतही शोधावी लागली.

तेव्हां दोष संकराचा नव्हे. बर्टन यांचें कर्तृत्व थोरच. परंतु निवड करावयाची तर निवडण्यास पुष्कळ असावें लागतें, आणि तें पुष्कळपण बीं धरणाऱ्या, कोणीं न लावलेल्या गवतांत सांठलेलें असतें. निर्बीज हिरवळीस स्वतःचा असा उद्यां नाहीं. तिचा उद्यां अशा कोपऱ्यांत असतो.

आमचा निवाडा इतकाच झाला: पुढच्या दारीं हिरवळ खुशाल अंथरावी, मागच्या कोपऱ्यांतील हरळीस कुदळ लावूं नये, औषधही फवारूं नये. चिरंजीवांनीं तो मान्य केला. चतुर्थीच्या पहांटे ते नव्या हिरवळींतच दूर्वा खुडावयास बसले. परंतु सतत कातरलेल्या त्या गवतांत जुडी बांधण्याजोगा तीन पानांचा एकही कोंब मिळेना. निमूटपणें उठून ते मागच्या अंगणांत गेले.