शाळेच्या पहिल्या घंटेपूर्वी

जूनच्या मध्यास आपल्या भागातील शाळा उघडतात. पहिलीत पाऊल टाकणाऱ्या बालकांचे तोरणे बांधून, गुलाबपुष्प व नवी पाठ्यपुस्तके देऊन स्वागत होते. लोणी देवकर हे पुणे-सोलापूर महामार्गालगतचे, औद्योगिक वसाहतीचे गाव असल्याने स्थानिक शेतकरी कुटुंबांच्या मुलांसमवेत कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांची मुलेही त्यांत असतात. शाळाप्रवेशाशी रुग्णालयाचा संबंध काय, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

राज्य शासनाने सन २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू केले. त्यातील मेळाव्यात नोंदणीनंतर मुलाचा शारीरिक, बौद्धिक, भाषिक व सामाजिक विकास आणि गणनपूर्व तयारी खेळांतून पाहिली जाते. घरी काय करून घ्यावे, हे मातांना सांगितले जाते. पहिला मेळावा उन्हाळी सुटीपूर्वी व दुसरा शाळा उघडण्याच्या सुमारास, अशी त्याची योजना होती. या दोहोंमधील काळ आम्हांस बहुमोल वाटतो. कारण दोष सापडला तर उपचारास तेवढा अवधी मिळतो.

पहिली तपासणी डोळ्यांची. लहान मूल आपणहून तक्रार करीत नाही. सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. अक्षरओळख नसलेल्या मुलास निरनिराळ्या दिशांना वळविलेली चिन्हे दाखवून, त्यांची दिशा हाताने दाखवावयास सांगतात. एक डोळा अधू असल्यास मेंदू त्याचा वापर टाळू लागतो. हा दोष सातव्या-आठव्या वर्षापूर्वी उपचारांत आल्यास सुधारण्याची आशा अधिक. पुढे ती उणावत जाते.

दुसरी तपासणी कानांची. “सायेब, हाक मारली तरी वळून बघत नाही, लई हट्टी हाय पोरगं,” असे एका आजीने आम्हांस सांगितले होते. मूल हट्टी नव्हते; दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. तो काढल्यावर बाहेरच्या मोटारीच्या आवाजाने ते दचकले. असे मूल वर्गात ‘मठ्ठ’ ठरते आणि तो शिक्का मळासारखा सहज निघत नाही.

तिसरी बाब रक्ताची. पाच ते अकरा वर्षे वयात हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमहून कमी असल्यास रक्तक्षय मानतात. त्यामुळे मूल लवकर थकते, त्याचे लक्ष टिकत नाही. आहार, लोहाचे औषध व जंतनाशक गोळी हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. याच सुमारास, म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान, त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्राही द्यावयाची असते. मागील मात्रा पूर्ण झाल्या म्हणून ती अनेकदा राहून जाते.

अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. आमचे काम त्यास पूरक आहे. स्थलांतरित पालकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : वयाचा दाखला नाही म्हणून शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायदा, २००९ सांगतो. लसीकरणाचे कार्ड हरवले असले तरी मुलास तपासणीस अवश्य आणावे. राहिलेल्या मात्रा डॉक्टर ठरवून देतात.

हिशेब ठेवणे हे आमचे नित्याचे काम. चष्म्याचा खर्च वहीत एका ओळीत मावतो. न दिसलेल्या फळ्यामुळे वाया गेलेल्या वर्षांसाठी मात्र कोणत्याही ताळेबंदात रकाना नाही. म्हणून पालकांनी सुटीतील एक सकाळ या तपासणीस द्यावी आणि दानशूर हितचिंतकांनी चष्मे व औषधांसाठी आपला हात असाच पुढे ठेवावा, ही नम्र विनंती. स्वागताचे फूल हाती घेणाऱ्या बालकास फळा स्पष्ट दिसावा आणि गुरुजींचा शब्द नीट ऐकू यावा, एवढीच आमची इच्छा आहे.