परदेशातला पहिला दिवस आणि आपले पोट

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, बँकॉकला चाललो, पोटासाठी काही गोळ्या लिहून द्या." पूर्वी हा प्रश्न काशीयात्रेला जाणारे विचारीत. आता यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्याची कुटुंबेही आजी-आजोबा आणि नातवंडांसह थायलंड, सिंगापूर पाहून येतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र पोट सांभाळायचे तर गोळ्यांपेक्षा पहिल्या दिवशीचे शहाणपण अधिक उपयोगी पडते.

पहिलाच दिवस का? येथून मोटारीने नागपूर गाठायचे, मग एक-दोन विमाने. झोप झालेली नसते, लघवीला जावे लागेल म्हणून पाणी कमी प्यालेले असते आणि बँकॉकचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास धावत असते. अशा अवस्थेत सायंकाळी यावारात या प्रसिद्ध रस्त्यावर गेले, की कढईतल्या नूडल्स, निखाऱ्यावरचे भाजलेले पदार्थ, आंबा आणि चिकट भात पाहून मन मोहरते. भूक आणि उत्साह यांच्यापुढे डोळे तपासणी विसरतात.

त्यातच पोट लगेच तक्रार करीत नाही. अन्नात आधीच तयार झालेले विष पोटात गेले तर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. पण जिवंत जंतू गेले, तर जुलाब लागायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे पहिल्या सायंकाळची चूक तिसऱ्या दिवशी उमगते आणि दोष मात्र त्या दिवशीच्या नाश्त्याला दिला जातो.

आता एक गैरसमज दूर करू. रस्त्यावरचे म्हणून अन्न वाईट, हे खरे नाही. जे फाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बँकॉकच्या बाई स्वतः शेगडीपुढे उभ्या राहून स्वयंपाक करतात. त्यांच्या साध्या दुकानाला २०१७ च्या अखेरीस मिशेलिन मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. सिंगापूरने १९७० च्या दशकापासून फेरीवाल्यांना नळ आणि सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत जागा दिली. तेथील ही खाद्यसंस्कृती २०२० साली युनेस्कोच्या यादीत गेली. सिंगापूरने पदार्थ बंद केले नाहीत, त्यांना स्वच्छ पाणी दिले.

खरे शत्रू तीन आहेत : अपुरी उष्णता, अस्वच्छ पाणी आणि शिजल्यानंतर गेलेला वेळ. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. डोळ्यांदेखत तापल्या कढईत परतलेली प्लेट म्हणूनच मोठ्या हॉटेलात तीन तास कोमट राहिलेल्या अन्नापेक्षा सुरक्षित असू शकते. भाताचे तर विशेष आहे. त्यातील एका जंतूचे बीज उकळूनही मरत नाही. भात तसाच बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करते आणि पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. घरून नेलेला मसालेभातही याला अपवाद नाही.

काही वाचक म्हणतील, "आम्ही टपरीवरचे सांबारवडी आणि तर्रीपोहे खाऊन वाढलो, आम्हाला काय होणार?" यात अर्धे सत्य आहे. आपल्याकडच्या काही जंतूंशी आपल्या शरीराची ओळख झालेली असते, पण परमुलखातील जंतूंचे प्रकार वेगळे असतात. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची पोटे बिघडतात, ती याच कारणाने.

पहिल्या दिवशी एवढे पाळावे :

१) गर्दी असलेल्या गाडीवर, समोर शिजवलेले, वाफाळते अन्न घ्यावे. पोटभर नव्हे, चव घेण्यापुरते.

२) बाटलीचे सील स्वतः फोडावे. बर्फाची खात्री नसेल तर त्याविना प्यावे.

३) फळ स्वतः सोलून खावे. केळी, रामबुतान, मँगोस्टीन उत्तम. कापून ठेवलेली फळे आणि कच्च्या पपईची कोशिंबीर पुढे ढकलावी.

४) शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे, की नुसत्या भाजीतही 'नाम प्ला' म्हणजे माशाचा रस असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' अशी खूण असलेल्या ठिकाणी मांस-मासळी नसते. शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास आधी विचारावे.

५) खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

एवढे करूनही जुलाब लागू शकतात. माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो. हे निवृत्त शिक्षक मधुमेही असून रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेत. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशीची बोटीची सफर चुकू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेच सोडले आणि गोळ्या मात्र नेमाने घेतल्या. रात्री न्हाणीघरात घेरी येऊन पडले. दोन दिवस सलाईनवर काढावे लागले. त्यांच्या सात वर्षांच्या नातीलाही तोच त्रास झाला होता. तिच्या आईने घोट घोट जलसंजीवनी पाजली आणि ती संध्याकाळी खेळू लागली.

जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा शरीर कोरडे पडल्याने. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले, की साखरेबरोबर मीठ आणि पाणी जुलाब चालू असतानाही आतड्यातून रक्तात शोषले जाते. १९७१ साली बनगाव येथील बांगला निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य जीव वाचविले. पाकीट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे घ्यावे आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, दोन वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिली द्यावे. मोठ्यांनी तहान भागेपर्यंत प्यावे.

प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. थायलंडमध्ये जुलाबाच्या एका प्रमुख जंतूवर आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन जातीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. जुलाब थांबविणारी गोळी लहान मुलांना देऊ नये. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये.

शौचातून रक्त, १०२ अंशांवर ताप, पाणीही न टिकणे, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. सफर राहिली तर राहू द्यावी.

मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : "जुलाब लागले तर माझ्या कोणत्या गोळ्या थांबवू?" उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि जलसंजीवनीच्या पाकिटांसह हाताशी असणाऱ्या पिशवीत ठेवावे, विमानात जमा होणाऱ्या सामानात नव्हे.